जिताडा गरवायचा तर आधी ओहोटी गाठा

जिताडा गरवायला, म्हणजे गळानं धरायला, निघालेला नवा माणूस आधी दुकानात जातो. रॉड घेतो, रील घेतो, पाच-सहा रंगीत ल्युअर, म्हणजे खोटी आमिषं, घेतो आणि रविवारी सवड आहे म्हणून सकाळी दहाला धक्क्यावर जाऊन उभा राहतो. खाडी तुडुंब भरलेली असते. दुपारपर्यंत एखादा शिंगाळा लागतो, दोन ल्युअर खडकात अडकून जातात आणि ‘या खाडीत आता मासाच उरला नाही’ असा निकाल लावून माणूस घरी येतो. मासा असतो, पण त्या वेळी त्या जागी नसतो.

म्हणून या लेखाचा क्रम उलटा आहे. आधी वेळ, मग जागा, मग आमिष आणि सगळ्यात शेवटी रॉड-रील. वेळ आणि जागा साधली तर साध्या तंगुसाच्या हातदोरीवरही जिताडा येतो. आपल्याकडची जुनी माणसं वर्षानुवर्षं तशीच गरवत आली आहेत.

आधी मासा समजून घ्या

रायगडात जिताडा, गोव्यात चोणक, ऑस्ट्रेलियात बॅरामुंडी आणि मोठ्या हॉटेलांत एशियन सी बास, हा सगळा एकच मासा. रायगडात त्याचा मान इतका, की अडलेलं सरकारी काम जिताडा पोचवला की सुटतं, असं अलिबाग-पेणकडे अजून गमतीनं म्हणतात. तिथल्या शेततळ्यांत आणि गावतळ्यांत तो पाळलाही जातो. इथे मात्र खाडीतल्या मोकळ्या जिताड्याबद्दलच बोलू.

त्याच्या दोन सवयी कळल्या की पुढचं सगळं सोपं जातं.

पहिली म्हणजे तो दबा धरून बसणारा मासा आहे. सुरमई किंवा तोवरासारखा भक्ष्यामागे लांब पळत नाही. खडक, पुलाचा खांब, तिवराची मुळं, पडलेलं झाड अशा कशाच्या तरी आडोशाला, वाहत्या पाण्याच्या कडेला तो तोंड प्रवाहाकडे करून थांबतो. प्रवाहाबरोबर कोळंबी किंवा लहान मासा आला की जबडा उघडून पाण्यासकट आत ओढतो. शांत पहाटे खाडीत अचानक ‘टॉप्’ असा पोकळ आवाज ऐकू येतो, तो हाच.

दुसरी सवय खाऱ्या आणि गोड्या पाण्यात ये-जा करण्याची. अंडी घालायला तो खाडीच्या मुखाकडे, खाऱ्या पाण्यात जातो. आपल्याकडे हा काळ पावसाळ्याचा. पिल्लं भरतीबरोबर आत येतात आणि कांदळवनात, खाजणांत (खाडीकाठच्या सखल खाऱ्या जमिनीत), खारं पाणी अडवणाऱ्या खारबांधांच्या आतल्या पाण्यात वाढतात. वाढलेला मासा पुन्हा मुखाकडे सरकतो. म्हणून आतल्या अरुंद फाट्यांत लहान जिताडे जास्त मिळतात आणि मोठा मासा बहुधा मुखाजवळच्या खोल, खडकाळ जागी असतो.

वेळ: पंचांग उघडा

पाणी थांबलं की जिताड्याचं खाणं थांबतं, हे धरून चाला. वाहतं पाणी हवं, आणि त्यातही ओहोटीचं. भरतीला कोळंबी आणि बोईटाची पिल्लं तिवरांत, चिखलपट्ट्यांवर, खाजणांत पसरलेली असतात. जिताडाही त्यांच्यामागे आत शिरतो आणि एवढ्या पसाऱ्यात तो कुठे आहे हे सांगता येत नाही. ओहोटी लागली की तेच सगळं खाद्य दोन-चार अरुंद वाटांनी बाहेर पडतं आणि जिताडा त्या वाटांच्या तोंडाशी येऊन बसतो. ओहोटीचे शेवटचे दोन-अडीच तास आणि पाणी पुन्हा चढू लागल्यानंतरचा पहिला तास, एवढाच वेळ हाताशी असेल तरी पुरतो.

भरतीची वेळ काढायचा किनाऱ्यावरचा जुना हिशेब म्हणजे तिथीची पाऊणपट. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे पूर्ण भरती साधारण तीनला, पहाटेही आणि दुपारीही. अष्टमीला सहा वाजता. एकादशीला सव्वाआठच्या सुमारास. त्यात सहा तास मिळवले की सुकती, म्हणजे पाणी सगळ्यात खाली. हा हिशेब मुंबई-रायगडच्या किनाऱ्याला चांगला लागू पडतो. दक्षिणेकडे भरती थोडी आधी येते. खाडीत जितकं आत जाल तितका उशीर होतो, कारण मुखाशी पाणी फिरलं तरी आतलं पाणी बराच वेळ उतरतच असतं. नेमक्या वेळेसाठी भारतीय सर्वेक्षण विभागाची कोष्टकं किंवा मोबाइलवरचं एखादं भरती-ओहोटीचं ॲप पाहा. आपल्या खाडीत किती उशीर होतो, हे मात्र एकदा स्वतः धक्क्यावर थांबून मोजावं लागतं.

आता याच हिशेबानं दिवस निवडा. तृतीया ते पंचमी, शुद्ध असो वा वद्य, या तिथ्या मला सगळ्यात आवडतात. पहाटे दोन ते पावणेचारच्या दरम्यान भरती पूर्ण होते, म्हणजे उजाडताना ओहोटी ऐन भरात असते आणि सुकती आठ ते पावणेदहाच्या सुमाराला येते. जिताड्याला आवडणारा झुंजुमुंजूचा उजेड आणि हवं ते पाणी, दोन्ही एकत्र मिळतात. संध्याकाळीही हाच मेळ पुन्हा जमतो. ऐन अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला उत्तर कोकणात पाणी फार ओढतं, गढूळ होतं, आमिष जागेवर ठरत नाही. मुंबईकडे उधाणाची भरती साडेचार मीटरच्या पुढे जाते. गोव्याकडे ती त्याच्या निम्म्याच्या आसपास असते. त्यामुळे मांडवी-झुआरीत किंवा मालवणकडे उधाणाचे दिवसही चांगले जातात, धरमतर किंवा कुंडलिकेच्या खाडीत मात्र ते जड जातात. अष्टमीच्या आसपासचा भांग, म्हणजे पाणी कमी चढतं-उतरतं ते दिवस, दोन्हीकडे सुस्त. त्या दिवसांत खड्डा खोल असलेली वळणं आणि पुलाचे खांब तेवढे बघावेत.

हंगामाचं थोडक्यात. पाऊस ओसरल्यावर सप्टेंबरपासून नोव्हेंबरपर्यंतचा काळ उत्तम. डिसेंबर-जानेवारीत पाणी गारठतं आणि मासा मंदावतो. तेव्हा पहाटेपेक्षा ऊन चढल्यावरची ओहोटी बरी. मार्च ते मे पुन्हा चांगला. जून-जुलै सोडून द्या. १ जून ते ३१ जुलै ही बंदी यांत्रिक नौकांना असते, काठावरच्या गळाला नाही, हे खरं. पण मोठ्या माद्या त्याच काळात अंड्यांनी भरलेल्या असतात आणि खाडीच्या मुखावर उभं राहणंही धोक्याचं असतं.

जागा: सुकतीला जाऊन बघा, गळ न घेता

हा भाग लोक टाळतात आणि तिथेच हरतात. उधाणाच्या दिवशी, पूर्ण सुकतीला खाडीवर जा. पाणी उतरलं की एरवी झाकलेलं सगळं उघडं पडतं. कुठे खडकाचा सुळका आहे, कुठे बुडालेल्या होडीचा सांगाडा, कुठे पाणी अजून खोल आहे, हे दिसतं. मोबाइलवर फोटो काढा, आणि प्रत्येक फोटोत काठावरची न हलणारी एखादी खूण येऊ द्या: माड, देऊळ, विजेचा खांब. भरल्या पाण्यात तीच खूण धरून गळ टाकायचा आहे.

शोधायच्या जागा पसंतीच्या क्रमानं सांगतो.

खारबांधाची उघाडी, म्हणजे बांधातली पाणी सोडायची झडप, जिला गोव्यात मानस म्हणतात, ही पहिली पसंती. ओहोटीला झडप उघडली की आतल्या खाजणातलं पाणी कोळंबी-मासळीसकट एका तोंडातून बाहेर फेकलं जातं आणि त्या धारेच्या कडेला, जिथे पाणी उलटं गरगरतं, तिथे जिताडा थांबतो. धारेत आमिष टाकू नका. धार आणि संथ पाणी यांच्यामधल्या रेषेत टाका. पण उघाडीवर कुणाचा हक्क आहे ते आधी विचारा. गोव्यात मानशीवरच्या मासेमारीचा लिलाव होतो, आणि इतरत्रही उघाडीवर गावाचा किंवा शेतकऱ्यांचा हक्क असू शकतो.

त्यानंतर कांदळवनातून मोठ्या खाडीला मिळणाऱ्या छोट्या फाट्यांची तोंडं. रुंदी दोन-तीन मीटर असली तरी चालेल. फाटा मिळतो तिथे खाडीच्या तळाशी खड्डा पडलेला असतो, तो महत्त्वाचा.

मग पुलाचे आणि जेट्टीचे खांब. इथे रात्र चांगली. पुलावरच्या दिव्याचा उजेड पाण्यावर पडतो आणि पुलाच्या सावलीची रेघ तयार होते. जिताडा सावलीत राहून उजेडातली कोळंबी टिपतो. आमिष उजेडातून सावलीकडे वाहत जाईल असं टाका.

राजपुरीच्या खाडीसारख्या आडोशाच्या, रुंद पाण्यात काठावरून फार काही हाती लागत नाही. तिथे पावसाळा सोडून लहान होडी घेऊन खडकाळ काठाला समांतर जावं, इंजिन लांबच बंद करावं आणि काठाकडे गळ फेकावा.

एका जागी पाऊण तास पाणी नीट वाहत असताना काही लागलं नाही, तर हला. पण पाणीच थांबलेलं असेल तर जागा बदलून उपयोग नाही, थांबा.

आमिष

जिवंत कोळंबीला तोड नाही. बोटाएवढी खाडीची कोळंबी, तिच्या कपाळावरच्या काट्याच्या बुडाशी, आतला काळा ठिपका टाळून गळ आरपार काढला की ती बराच वेळ जगते आणि उड्या मारत राहते. ठिपक्याला टोचलं तर लगेच मरते. तिच्याखालोखाल जिवंत बोईट, ज्याला मालवण-गोव्याकडे शेवटा म्हणतात, वीतभर किंवा त्याहून थोडा लहान. त्याचा वरचा ओठ टोचावा किंवा पाठीवरच्या पहिल्या पराच्या जरा पुढे गळ घालावा. कोळंबी सगळेच खातात, त्यामुळे लहान मासे ती कुरतडून संपवतात. बोईटाला बहुधा मोठाच मासा लागतो, पण वाट पाहावी लागते.

पाग, म्हणजे हातानं फेकायचं गोल जाळं, टाकता येत असेल तर भरतीच्या शेवटी उथळ काठावर अर्ध्या तासात पुरेसं आमिष मिळतं. नसेल येत तर पाग टाकणाऱ्याकडून विकत घ्या. सकाळी बाजारात मिळणारी बर्फातली कोळंबी या कामाची नाही. झाकणाच्या बादलीत खाडीचंच पाणी, बॅटरीवर चालणारा छोटा हवेचा पंप आणि वर ओलं फडकं. गर्दी करू नका. बादलीत दहा-पंधरा कोळंब्या पुरे.

ल्युअरबद्दल माझं मत स्पष्ट आहे: पाणी पाहून ठरवा. सिंधुदुर्ग-गोव्याकडच्या तुलनेनं नितळ पाण्यात ९ ते १२ सेंटिमीटरचा बुडणारा मिनो (लहान माशाच्या आकाराचा कडक ल्युअर) किंवा १० ते १५ ग्रॅमच्या जिगवर, म्हणजे शिशाचं डोकं असलेल्या गळावर, लावलेला मऊ प्लॅस्टिकचा मासा छान चालतो. हळू ओढा, थांबा, पुन्हा दोन वळसे फिरवा, थांबा. जिताडा बहुतेक वेळा त्या थांबण्यातच घेतो, आणि नवा माणूस सतत फिरवत राहतो म्हणून त्याला काही लागत नाही. धरमतर, ठाणे, वसईच्या गढूळ पाण्यात ल्युअर मासळीला दिसायलाच हवा, म्हणून तो नाकासमोर जावा लागतो. तिथे जिवंत आमिष घ्या आणि पैसे वाचवा. ल्युअरबरोबर येणारे तीन टोकांचे गळ बहुधा कमकुवत असतात. पहिल्याच मोठ्या माशाला ते सरळ होतात, तेव्हा जाड गळ घालून घ्या.

साहित्य

साडेसात-आठ फुटी मध्यम ताकदीचा स्पिनिंग रॉड, ४००० आकाराची रील, ३० पौंडी ब्रेड, म्हणजे विणलेली, दोरी. यापेक्षा महाग काही लागत नाही. खर्च करायचा तो दोन गोष्टींवर: लीडर, म्हणजे गळाजवळचा जाड तंगूस, आणि गळ. जिताड्याला दात म्हणावे असे मोठे दात नसतात, पण तोंडात किसणीसारखा खरखरीत भाग असतो आणि कल्ल्याच्या झाकणाची कड ब्लेडसारखी धारदार असते. म्हणून शेवटी मीटरभर ५० ते ६० पौंडी जाड तंगूस बांधा. प्रत्येक माशानंतर लीडर बोटांतून फिरवून बघा. खरवडला असेल तर तेवढा कापून नवी गाठ मारा.

मांडणी साधी ठेवा. मुख्य दोरीत आरपार भोक असलेलं शिसं ओवा, मग फिरकी कडी, मग लीडर, शेवटी ४/० किंवा ५/० चा सर्कल गळ, म्हणजे टोक आत वळलेला गोलसर गळ. शिसं कमीत कमी किती चालेल ते पाहा. प्रवाहात आमिष तळाला लागत-उठत सरकत राहायला हवं. एका जागी रुतून बसलं तर शिसं जास्त झालंय. संथ पाण्यात शिसं काढूनच टाका.

रीलचा ब्रेक घरूनच लावून निघा. दोरीला तराजूचा काटा अडकवून ओढा. तीन-साडेतीन किलोला दोरी सुटली पाहिजे. काठावर अंदाजानं आवळलेला ब्रेक पहिल्या ओढीला दगा देतो.

गळ टाकल्यापासून मासा जाळ्यात येईपर्यंत

आडोशाच्या वरच्या अंगाला, म्हणजे पाणी येतं त्या बाजूला, गळ टाका आणि प्रवाहाला आमिष आडोशाकडे नेऊ द्या. रॉडचं टोक वर, दोरी जेमतेम ताठ. आमिष आडोशाच्या पुढे निघून गेलं की ओढून घ्या आणि पुन्हा वरून टाका. एकाच रेषेत आठ-दहा वेळा सोडल्याशिवाय रेषा बदलू नका.

मासा लागल्याची खूण बहुधा मोठी नसते. हाताला एक ‘टक्’ जाणवतो, किंवा दोरी नुसतीच बाजूला सरकू लागते. सर्कल गळ असेल तर इथे झटका मारायचा मोह आवरा. झटक्यानं गळ तोंडातून सुटून बाहेर येतो. दोरी ताठ होऊ द्या, रील फिरवत राहा, रॉड आपोआप वाकेल आणि गळ जबड्याच्या कोपऱ्यात बसेल. ल्युअर असेल तर मात्र लगेच जोरात ओढा. जिताड्याचं तोंड कडक असतं.

पुढचे दहा सेकंद निर्णायक. तो सरळ आडोशाकडे पळणार. इथे दोरी द्यायची नाही. रॉड बाजूला आडवा करून त्याचं तोंड फिरवा, गरज पडली तर रीलच्या फिरकीवर तळवा दाबा. तोंड मोकळ्या पाण्याकडे वळलं की घाई संपली. मग तो उडी मारतो, डोकं जोरजोरात हलवतो. उडी येणार हे दोरी वर चढू लागली की कळतं. तेव्हा रॉडचं टोक पाण्याकडे खाली न्या, पण दोरी ढिली पडू देऊ नका. हवेत डोकं हलवताना ढिल्या दोरीवरचा गळ निसटतो, तर फार ताठ दोरी कल्ल्यावर घासून तुटते.

दमला असं वाटलं तरी काठ दिसल्यावर तो आणखी एक-दोनदा पळतोच. जाळं आधीच पाण्यात बुडवून धरा आणि मासा डोक्याकडून जाळ्यावर आणा. जाळं घेऊन माशाच्या मागे धावू नका. दोरीला धरून उचलायचं नाही, कल्ल्यात बोटं तर अजिबात घालायची नाहीत. ती कड बोट हाडापर्यंत कापते. खालचा ओठ पकडीनं किंवा हातमोजा घालून धरा आणि दुसरा हात पोटाखाली द्या.

ठेवायचा की सोडायचा

जिताडा नर म्हणून मोठा होतो आणि काही वर्षांनी मादी होतो. साधारण ८० सेंटिमीटरच्या पुढचे बहुतेक मासे माद्या असतात किंवा होण्याच्या वाटेवर असतात. एक मोठी मादी लाखोंनी अंडी घालते. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंड राज्यात ५८ सेंटिमीटरपेक्षा लहान आणि १२० सेंटिमीटरपेक्षा मोठा मासा सहसा ठेवता येत नाही, त्यातली वरची मर्यादा याच कारणानं. आपण आपल्यापुरतं ६० ते ८० सेंटिमीटरमधला एखादा, म्हणजे अंदाजे अडीच ते सहा किलोचा, घरासाठी ठेवावा आणि बाकी सोडावेत असं माझं म्हणणं. वीस किलोच्या माशाबरोबर फोटो काढण्यात गैर काही नाही, पण पाण्यात उभं राहून, मासा आडवा धरून, पटकन. ओठाला धरून उभा लटकवला तर त्याच्या मणक्याला आणि जबड्याला इजा होते. सोडताना तोंड प्रवाहाकडे करून धरा आणि तो स्वतः हातातून सुटेपर्यंत थांबा.

सांभाळायच्या गोष्टी

चिखलात एकटं उतरू नका. सुकतीला घट्ट वाटणारा चिखल पाणी चढताना सैल होतो आणि परतीची वाट मागून भरते. चिखलात उतरला असाल तर पाणी चढू लागायच्या अर्धा तास आधीच काठावर या. पायात जाड तळव्याचे बूट हवेत, कारण खडकावरची कालवं पाय चिरतात आणि उथळ पाण्यात पाकट असतं. पाय उचलून न टाकता घासत चाला, म्हणजे ते आधीच सरकतं. शिंगाळ्याचा काटा लागला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवा आणि डॉक्टरकडे जा. वाशिष्ठी आणि सावित्रीच्या वरच्या भागात, गोव्यात कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत. तिथे काठाला बसून मासे साफ करू नका आणि रात्री पाण्यात उतरू नका. होडीत असाल तर लाइफ जॅकेट अंगात हवं, फळीखाली नव्हे.

गळ टाकायला जागा हवी म्हणून तिवराची किंवा चिपीची फांदी तोडणं गुन्हा आहे. लावलेल्या जाळ्यांपासून, डोलींच्या (खुंटांना बांधलेल्या पिशवीसारख्या जाळ्यांच्या) खुंटांपासून लांब राहा. ज्या गावाच्या खाडीत जाता तिथल्या कोळी-भोई माणसांशी आधी बोला. पाणी कुठे खोल आहे हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं, आणि विचारून गेलेल्याला ती माणसं बहुधा सांगतातही.

घरी न्यायचा असेल तर

मासा ठेवायचा ठरला की लगेच डोक्यात ठोका देऊन मारा, कल्ल्याच्या खालची शीर कापून खाडीच्या पाण्यात रक्त जाऊ द्या आणि खाडीचं पाणी घातलेल्या बर्फात पूर्ण बुडवा. काठावर तडफडत ठेवलेल्या जिताड्याचं मांस मऊ पडतं, मग कितीही मसाला लावा. खवलं मोठी आणि घट्ट असतात, ती शेपटाकडून डोक्याकडे, पाण्याच्या धारेखाली काढा, नाहीतर स्वयंपाकघरभर उडतात. बोटभर जाडीच्या तुकड्या तळायला, पोटाचा चरबीचा भाग वेगळा, आणि डोकं उभं चिरून कालवणाला. कापणारीकडून तुकड्या करून घेणार असाल तर डोकं तिच्याकडे ठेवून येऊ नका.